डिसिजन ट्रीचा निकाल कसा वाचावा: आकडे आधी, लेबल शेवटी

डिसिजन ट्री म्हणजे एकामागून एक अटी लावून डेटा गटांत विभागणारा आणि प्रत्येक गटाला उत्तर देणारा आराखडा. सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की त्याचं रंगीत चित्र समोर येतं. चौकोन, बाण, प्रत्येक चौकोनात एक अट आणि खाली ठळक अक्षरांत ‘हो’ किंवा ‘नाही’. चित्र इतकं सरळ दिसतं की बहुतेक जण थेट खालच्या लेबलांवर उडी मारतात आणि त्यांचे नियम बनवून अहवालात टाकतात. घोटाळा तिथेच होतो. लेबल हा त्या चौकोनातल्या आकड्यांवरून सगळ्यात शेवटी काढलेला निष्कर्ष असतो, आणि तो काढताना बरीच माहिती गाळली जाते.

ट्री कसा बनवायचा हे इथे नाही. ट्री तयार आहे, चित्र उघडं आहे, पुढे काय करायचं एवढंच बघू. सायकिट-लर्न, आरमधलं आरपार्ट, एसपीएसएस आणि वेका या चारही सॉफ्टवेअरमध्ये ट्री वेगळ्या वेषात दिसतो. क्रम मात्र सगळीकडे एकच चालतो.

## सोबतीला एक उदाहरण

पुढचे सगळे हिशेब या एका कल्पित ट्रीवर आहेत. नोड म्हणजे चित्रातला एक चौकोन, पान म्हणजे ज्याच्या खाली पुढची अट नाही असा शेवटचा चौकोन, आणि गिनी म्हणजे त्या चौकोनात ‘हो’ आणि ‘नाही’ किती मिसळलेत याचं माप. मासिक किंवा वार्षिक वर्गणी घेणारी एक ऑनलाइन सेवा आहे आणि ग्राहक सेवा सोडेल का, हा प्रश्न आहे. ट्रेनिंग डेटात, म्हणजे ज्यावर ट्री बांधला त्या डेटात, १००० ग्राहक, त्यातले २०० सोडून गेलेले.

- मूळ नोड: १००० ग्राहक, २०० सोडून गेले (२०%), गिनी ०.३२०. अट: वापराचे महिने ≤ ६.५
- अट खरी, डावीकडे: ४०० ग्राहक, १४० गेले (३५%), गिनी ०.४५५. पुढची अट: तक्रारी ≤ १.५
  - पान क (खरी): ३०० ग्राहक, ७५ गेले (२५%), लेबल ‘नाही’
  - पान ख (खोटी): १०० ग्राहक, ६५ गेले (६५%), लेबल ‘हो’
- अट खोटी, उजवीकडे: ६०० ग्राहक, ६० गेले (१०%), गिनी ०.१८०. पुढची अट: वार्षिक योजना ≤ ०.५
  - पान ग (खरी): ३५० ग्राहक, ५६ गेले (१६%), लेबल ‘नाही’
  - पान घ (खोटी): २५० ग्राहक, ४ गेले (१.६%), लेबल ‘नाही’

## तयारी: चित्राकडे बघण्याआधी

खालच्या गोष्टी कागदावर लिहून काढा. हे न करता वाचन सुरू केलं तर पुढे कुठे चुकलं ते सापडत नाही.

वर्गांचा (म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांचा) क्रम. सायकिट-लर्नमध्ये नोडवर ‘व्हॅल्यू = [८००, २००]’ असं येतं. यातला पहिला आकडा कुठल्या वर्गाचा? वर्ग चढत्या क्रमाने लावलेले असतात: ० आधी, १ नंतर, अक्षरी वर्ग असतील तर वर्णक्रमाने. चित्र काढताना वर्गांची नावं तुम्ही स्वतः दिलीत आणि ती उलट क्रमाने दिलीत, तर सॉफ्टवेअर काहीही तक्रार करत नाही. सगळी लेबलं उलटी होतात आणि चित्र तेवढंच सुंदर दिसतं.

मूळ प्रमाण. संपूर्ण डेटात ‘हो’ किती टक्के? आपल्याकडे २०. पुढे प्रत्येक पान याच आकड्याशी ताडून बघायचं आहे.

वजनं आणि फेरनमुना. दुर्मिळ वर्गाला जास्त वजन दिलंय का? त्याच्या ओळी वाढवून डेटा समसमान केलाय का? उत्तर हो असेल तर पानांतले टक्के खऱ्या जगातले नाहीत.

कॉलमांची रूपं. कुठला कॉलम मूळ एककात आहे, कुठला प्रमाणित केलाय (सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागलाय), कुठल्या वर्गवारीचे आकडी कोड केलेत, आणि माहिती नाही तिथे -१ किंवा ९९९ भरलंय का.

वाढीच्या मर्यादा. निकाल बऱ्याच अंशी यांच्यावर ठरतो, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरच्या मूळ मर्यादा वेगळ्या आहेत. सायकिट-लर्न काहीच मर्यादा घालत नाही. पानात एकच ओळ उरली तरी चालतं, त्यामुळे ट्री पार शेवटपर्यंत वाढतो. आरपार्टमध्ये नोड फोडायला किमान २० ओळी, पानात किमान ७ आणि सीपी (फांदी ठेवायची तर चूक किमान किती कमी व्हावी याचं प्रमाण) ०.०१ असतो. वेकाच्या जे-४८ मध्ये पानात किमान २ ओळी आणि कॉन्फिडन्स फॅक्टर (फांद्यांची छाटणी किती कडक ते ठरवणारा आकडा) ०.२५. एसपीएसएसमध्ये फोडायच्या नोडला किमान १०० आणि त्यातून निघणाऱ्या नोडला किमान ५०. छोट्या डेटावर एसपीएसएस एकच चौकोन दाखवून थांबलं, तर ‘काहीच संबंध सापडला नाही’ असं लिहायची घाई करू नका. बऱ्याचदा ती मर्यादाच आडवी आलेली असते.

## टप्पा १: मूळ नोड जुळवून घ्या

सगळ्यात वरचा चौकोन म्हणजे कुठलीही अट न लावलेला पूर्ण ट्रेनिंग डेटा. ओळींची संख्या तुमच्या संख्येशी जुळते का? प्रमाण २० टक्के येतं का? गिनी पडताळायला सोपा आहे: प्रत्येक वर्गाचं प्रमाण त्याच प्रमाणाने गुणा, बेरीज करा, १ मधून वजा करा. ०.८ × ०.८ = ०.६४, ०.२ × ०.२ = ०.०४, १ वजा ०.६८ म्हणजे ०.३२.

संख्या कमी भरली तर ओळी कुठेतरी गळल्यात. रिकाम्या नोंदी असलेल्या ओळी वाचतानाच टाकून दिल्या गेल्या असणार. संख्या बरोबर पण व्हॅल्यू [५००, ५००] आणि गिनी ०.५ दिसत असेल, तर वर्गांना समतोल वजन दिलंय. सायकिट-लर्नमध्ये ‘सॅम्पल्स’ हा आकडा खऱ्या ओळींचा असतो आणि ‘व्हॅल्यू’ वजनासकट असतो. त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत, आणि बघणारा गोंधळतो.

हा गोंधळ महाग पडतो. समतोल वजनात आपल्या ‘हो’ ग्राहकाला २.५ आणि ‘नाही’ ग्राहकाला ०.६२५ वजन मिळेल. वजनांमुळे खरं तर अटीही बदलू शकतात, पण ट्री तोच राहिला असं धरू. पान क मध्ये ७५ गुणिले २.५ म्हणजे १८७.५, आणि २२५ गुणिले ०.६२५ म्हणजे सुमारे १४०.६. पान आता ५७ टक्के ‘हो’ दाखवेल आणि लेबलही ‘हो’ होईल. प्रत्यक्षात तिथले २५ टक्केच ग्राहक गेलेत. पान ख मधले ६५ टक्के तर ८८ दिसतील.

> तपासा: वजन किंवा फेरनमुना वापरला असेल तर प्रत्येक पानातल्या मूळ ओळी पुन्हा मोजून खरे टक्के शेजारी लिहिले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: एका नोडचं वाचन, याच क्रमाने

आधी ओळींची संख्या, मग प्रमाण, मग अट, आणि लेबल शेवटी. गिनी किंवा एन्ट्रॉपीकडे (मिश्रणाचं दुसरं माप) मधे एक नजर पुरे.

कुठे काय दिसतं ते असं. सायकिट-लर्नच्या चौकोनात अट, गिनी, सॅम्पल्स, व्हॅल्यू, क्लास अशा ओळी असतात; रंग भरायला सांगितलं असेल तर रंगावरून जास्त संख्येचा वर्ग कळतो आणि गडदपणावरून नोड किती शुद्ध आहे ते. आरपार्टच्या मजकुरी निकालात ओळींची संख्या, मग ‘लॉस’ म्हणजे चुकीच्या बाजूला पडलेल्या ओळी, मग लेबल आणि कंसात वर्गांची प्रमाणं येतात. ओळीच्या शेवटी तारा असेल तर ते पान. तिथले नोड क्रमांक मधेच उड्या मारतात, त्यात काही हरवलेलं नसतं. क्रमांक ५ च्या नोडची पिलं नेहमी १० आणि ११, म्हणजे दुप्पट आणि दुप्पट अधिक एक. आरपार्टचं चित्र काढलंत तर दोनच वर्ग असताना चौकोनातली दशांश संख्या दुसऱ्या वर्गाची शक्यता असते, लेबलवर लिहिलेल्या वर्गाची नव्हे. ‘नाही ०.१६ ३५%’ याचा अर्थ ‘नाही’ची शक्यता १६ टक्के असा काढणारे खूप भेटतात. तिथे १६ टक्के ‘हो’ आहेत, आणि एकूण डेटातल्या ३५ टक्के ओळी त्या नोडमध्ये आहेत.

वेकाचं जे-४८ पानाशेजारी ‘(१००.०/३५.०)’ असं लिहितं. पहिला आकडा पानात पोचलेल्या ओळी, दुसरा त्यातल्या चुकलेल्या. दुसरा आकडा नसेल तर एकही चूक नाही. आकडे अपूर्णांकात आले तर दचकू नका. ज्या ओळीत अटीच्या कॉलमची नोंद नसते ती वाटून दोन्हीकडे पाठवली जाते.

आता गिनीबद्दल. पान ख मध्ये ६५ टक्के ‘हो’ आहेत, गिनी ०.४५५. त्याच्या वरच्या नोडमध्ये ३५ टक्के ‘हो’, गिनी तोही ०.४५५! गिनी उतरलाच नाही म्हणजे विभागणी वाया गेली, असं वाटू शकतं. पण गिनीला मिश्रण किती आहे एवढंच कळतं, पारडं कुठल्या बाजूला झुकलंय ते कळत नाही. शिवाय एका पिलाचा गिनी वरच्यापेक्षा जास्तही येऊ शकतो. कमी व्हावी लागते ती दोन्ही पिलांची ओळींनुसार सरासरी. इथे पान क चा गिनी ०.३७५, म्हणून (३०० × ०.३७५ + १०० × ०.४५५) ÷ ४०० = ०.३९५. वरच्या ०.४५५ पेक्षा ०.०६० ने कमी. विभागणी कामाची आहे.

## टप्पा ३: अटीची दिशा आणि एकक

सायकिट-लर्नमध्ये अट खरी असेल तर डावीकडे, खोटी असेल तर उजवीकडे. आरपार्टच्या चित्रातही ‘हो’ डावीकडेच. एवढं साधं असूनही एका जागी हमखास घसरायला होतं, ती जागा म्हणजे ०/१ कॉलम.

‘वार्षिक योजना ≤ ०.५’ ही अट खरी म्हणजे मूल्य ०, म्हणजे योजना वार्षिक नाही. कॉलमचं नाव डोळ्यांत भरतं आणि ‘खरं’ म्हणजे वार्षिक असं वाचलं जातं. आपल्या ट्रीत असं वाचलं तर १.६ टक्क्यांचा सगळ्यात स्थिर गट अहवालात मासिकवाल्यांच्या नावावर जातो. अशा प्रत्येक अटीशेजारी पेनाने साध्या भाषेत लिहून टाका: डावीकडे मासिक, उजवीकडे वार्षिक.

६.५ महिने किंवा १.५ तक्रारी असे आकडे प्रत्यक्षात नसतातच. डेटातल्या शेजारच्या दोन मूल्यांच्या बरोबर मधला बिंदू घेतलेला असतो. अहवालात ‘६ महिने किंवा कमी’ आणि ‘२ किंवा जास्त तक्रारी’ असं लिहा. आणि ६.५ ला जादूची सीमा समजू नका. सातव्या महिन्यात ग्राहकाच्या मनात काही पालटतं असा पुरावा या आकड्यात नाही.

वर्गवारीला १, २, ३, ४ असे कोड दिले असतील तर ‘कोड ≤ २.५’ या अटीचा अर्थ फक्त ‘१ किंवा २’ एवढाच. कोडांचा क्रम बदलला की शक्य विभागण्याही बदलतात. कॉलम प्रमाणित केला असेल आणि अट ‘≤ -०.४२’ अशी दिसत असेल, तर -०.४२ ला प्रमाण विचलनाने गुणा आणि सरासरी मिळवा, की मूळ एकक परत मिळेल. खरं तर ट्रीला प्रमाणित डेटाची गरजच नसते. निकाल माणसांना समजावून सांगायचा असेल तर मूळ एककात पुन्हा चालवणं हाच शहाणपणा.

एसपीएसएसमध्ये चेड पद्धत निवडली असेल तर एका नोडला तीन-चार फांद्या फुटू शकतात आणि गिनीऐवजी काय-वर्ग ही कसोटी आणि समायोजित पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) दिसतं. तिथे पी लहान आहे म्हणून फरक मोठा आहे असं नव्हे. हजारो ओळी असल्या की किरकोळ फरकाचाही पी लहान येतो. टक्केच बघा.

> सावधान: पहिल्याच अटीने डेटा जवळजवळ शंभर टक्के अचूक वेगळा झाला तर आनंदाआधी संशय येऊ द्या. ‘खातं बंद करण्याचं कारण’ हा कॉलम ग्राहक गेल्यावरच भरला जातो. असा कॉलम आत राहिला तर ट्री भविष्य सांगत नसतो, उत्तर बघून उत्तर लिहीत असतो. प्रत्येक अटीच्या कॉलमबद्दल विचारा: अंदाज करायच्या दिवशी ही माहिती हातात असेल का?
>
> ‘महिने ≤ -०.५’ अशी विचित्र अट दिसली तर -१ हा ‘नोंद नाही’चा कोड आत शिरलाय.

## टप्पा ४: पानापासून मुळापर्यंत वाट लिहा

पान एकटं वाचायचं नसतं. पान ख म्हणजे ‘२ किंवा जास्त तक्रारी करणारे’ नव्हेत. ‘सेवा घेऊन ६ महिने किंवा कमी झालेत आणि तक्रारी २ किंवा जास्त’ असे ते ग्राहक आहेत. जुन्या ग्राहकांच्या तक्रारींबद्दल हा ट्री काहीच बोललेला नाही. उजव्या फांदीत तक्रारींची अट नाही म्हणून जुन्या ग्राहकांवर तक्रारींचा परिणाम होत नाही, असंही म्हणता येत नाही. तिथे योजनेच्या प्रकाराने जास्त चांगली विभागणी मिळाली आणि पुढे वाढ थांबली, इतकंच.

खोल ट्रीत एकच कॉलम वाटेत दोन-तीनदा येतो. ‘महिने ≤ ६.५’, मग ‘महिने > १.५’, मग ‘महिने ≤ ४.५’. हे तीन नियम नाहीत, ‘२ ते ४ महिने’ हा एकच पट्टा आहे. आधी असे पट्टे जुळवून घ्या. पाच-सहा अटींची वाट बऱ्याचदा दोन-तीनवर येते.

प्रत्येक पानासाठी एक ओळ लिहा: वाट, ओळींची संख्या, ‘हो’ची संख्या, टक्के, मूळ प्रमाणाच्या किती पट. पान ख: ६५ भागिले २०, म्हणजे ३.२५ पट. एसपीएसएसच्या गेन तक्त्यात हाच आकडा ‘इंडेक्स’ नावाखाली ३२५ टक्के असा येतो. पान क १.२५ पट, ग ०.८ पट, घ ०.०८ पट.

> तपासा: सगळ्या पानांच्या ओळींची बेरीज १०००, ‘हो’ची बेरीज २००. आपल्याकडे ३०० + १०० + ३५० + २५० आणि ७५ + ६५ + ५६ + ४. जुळलं.

## टप्पा ५: दोन्हीकडे ‘नाही’, मग फोडलं कशाला?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यात सॉफ्टवेअरची काही चूक नसते. पान ग आणि घ दोन्ही ‘नाही’. लेबल बघणाऱ्याला ही फांदी फुकट वाटते. आकडे बघणाऱ्याला दिसतं की एका बाजूला १६ टक्के जातायत आणि दुसऱ्या बाजूला १.६. दहापट फरक! लेबल फक्त निम्म्याहून जास्त कोण आहेत ते सांगतं. दोन्ही बाजू ५० टक्क्यांच्या खाली असल्या की लेबल सारखंच राहणार. विभागणी मात्र गिनीवर होते, आणि गिनीला हा फरक दिसतो.

इथे सॉफ्टवेअरमधला एक फरक कामी येतो. आरपार्ट फांद्या गिनीने शोधतं, पण वर्गीकरणात त्या ठेवायच्या की छाटायच्या हे चुकांच्या संख्येवर ठरवतं. ग आणि घ वेगळे केल्याने एकही चूक कमी होत नाही, म्हणून ०.०१ सीपीवर ही फांदी तिथे उरणार नाही. जे-४८ सुद्धा चुकांच्या अंदाजावरच छाटतं. तोच डेटा, तरी दोन सॉफ्टवेअरचे ट्री वेगळे दिसले तर आधी ही शक्यता बघा.

आता ५० टक्के ही रेषाच तपासू. लेबलांप्रमाणे चाललं तर आपला ट्री १०० जणांना ‘जाणार’ म्हणतो, त्यातले ६५ बरोबर. गेलेल्या २०० पैकी १३५ हातातून निसटले. अचूकता? ६५ अधिक ७६५, म्हणजे ८३ टक्के. ऐकायला बरं वाटतं, पण ‘कोणीच जाणार नाही’ असं डोळे मिटून म्हटलं तरी ८० टक्के मिळतात.

रेषा २० टक्क्यांवर आणा. पान क आणि ख दोन्ही ‘हो’ होतात. ४०० जणांना इशारा जातो, २०० पैकी १४० सापडतात. अचूकता ६८ टक्क्यांवर घसरते. वाईट झालं का? ते खर्चावर ठरतं. जाणारा ग्राहक निसटण्याचा तोटा उगाच इशारा देण्याच्या चौपट असेल, तर योग्य रेषा १ ÷ (१ + ४), म्हणजे नेमकी २० टक्के. दोन्ही चुका सारख्या महाग असतील तेव्हाच ५० टक्के बरोबर. ट्रीला तुमचा खर्च माहीत नाही. तुम्ही सांगितला नाही तर तो दोन्ही सारखेच धरतो.

## टप्पा ६: लहान पानांवर खूण करा

‘३ पैकी ३ गेले, १०० टक्के’ असं पान बघून नियम लिहायचा मोह होतो. ३ पैकी ३ साठी ९५ टक्के विश्वासाचा पट्टा काढला तर तो साधारण २९ ते १०० टक्के येतो. ३० पैकी ३० असतील तर ८८ ते १००. शिवाय ही पानं ट्रीने स्वतः हुडकून काढलीत, त्यामुळे प्रत्यक्ष अनिश्चितता याहूनही जास्तच.

३० पेक्षा कमी ओळींच्या पानावर लाल खूण करा आणि त्यावरून एकटा नियम लिहू नका. ३० हा आकडा काही शास्त्रात कोरलेला नाही, पण कुठेतरी रेषा हवी. लाल खुणाच जास्त झाल्या तर वाचन थांबवून पानातल्या किमान ओळी वाढवा आणि ट्री पुन्हा बनवा. सायकिट-लर्नचा मर्यादा न घातलेला ट्री तर वाचायला बसूच नये. त्याची ट्रेनिंग अचूकता १०० टक्के किंवा त्याच्या आसपास येते आणि तिला काडीचा अर्थ नसतो.

## टप्पा ७: तीच पानं टेस्ट डेटावर मोजा

टेस्ट डेटा म्हणजे ट्री बांधताना बाजूला ठेवलेल्या ओळी. टेस्टवरची एकूण अचूकता सगळेच बघतात. पानवार कोणी बघत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. टेस्टची प्रत्येक ओळ कुठल्या पानात पडते ते काढा. सायकिट-लर्नमध्ये ‘अप्लाय’ हेच करतं. मग टक्के शेजारी मांडा. समजा टेस्टमध्ये ५०० ग्राहक आहेत:

- पान क: ट्रेनिंग २५%, टेस्ट १५५ पैकी ४०, म्हणजे २५.८%
- पान ख: ट्रेनिंग ६५%, टेस्ट ४८ पैकी २७, म्हणजे ५६.३%
- पान ग: ट्रेनिंग १६%, टेस्ट १७० पैकी २९, म्हणजे १७.१%
- पान घ: ट्रेनिंग १.६%, टेस्ट १२७ पैकी ३, म्हणजे २.४%

टोकाची पानं मधल्या बाजूला सरकली, हे अपेक्षितच. ख सगळ्यात वर, घ सगळ्यात खाली, क्रम टिकला. अहवालात ख साठी ६५ लिहू नका, ५६ लिहा. क्रमच उलटला असता, म्हणजे क हे ख च्या वर गेलं असतं, तर तक्रारींची ती विभागणी विश्वासाची नाही असं समजा, मग एकूण अचूकता कितीही छान असो.

वेकात एक फसवी गोष्ट आहे. क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचे तुकडे करून आळीपाळीने एकेक तुकडा तपासणीला ठेवणं) निवडलं तरी पडद्यावर दिसणारा ट्री पूर्ण डेटावर बांधलेला असतो. खालची अचूकता मात्र वेगवेगळ्या तुकड्यांवर बांधलेल्या दुसऱ्याच ट्रींची असते. ती पद्धतीची पत सांगते. समोर दिसणाऱ्या प्रत्येक पानाची हमी देत नाही.

आरपार्टच्या सीपी तक्त्यात ‘रेल एरर’ आणि क्रॉस-व्हॅलिडेशनमधून आलेला ‘एक्स-एरर’ हे दोन कॉलम आहेत. दोन्हीत मूळ नोडची चूक १ धरलेली असते. आपले क आणि ख वेगळे केलेल्या ट्रीत २०० ऐवजी १७० चुका उरतात, म्हणून रेल एरर ०.८५. याला ८५ टक्के चूक समजू नका. खरी चूक १७ टक्के. शिवाय रेल एरर ट्रेनिंगवरचा असतो आणि ट्री वाढला की तो वर जात नाही. निर्णय एक्स-एररवर घ्या: सगळ्यात लहान एक्स-एरर शोधा, त्यात त्याच ओळीतला ‘एक्स-एसटीडी’ (एक्स-एररची प्रमाण त्रुटी) मिळवा, आणि त्या बेरजेच्या आत बसणारा सगळ्यात छोटा ट्री उचला. क्रॉस-व्हॅलिडेशनचे तुकडे यादृच्छिक असतात, म्हणून आधी सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) ठरवा. नाहीतर प्रत्येक वेळी तक्ता थोडा हलेल.

## टप्पा ८: ‘महत्त्वाचे कॉलम’ हा तक्ता जपून वापरा

आपल्या ट्रीचा हिशेब हाताने करता येतो. प्रत्येक विभागणीने गिनी जितका कमी झाला त्याला त्या नोडमधल्या ओळींच्या वाट्याने गुणायचं. महिने: ०.०३०. तक्रारी: ०.०६० × ०.४ = ०.०२४. योजना: सुमारे ०.०१० × ०.६ = ०.००६. बेरीज ०.०६०, म्हणून महत्त्व अनुक्रमे ०.५०, ०.४० आणि ०.१०.

म्हणजे ‘ग्राहक जाण्याची ५० टक्के कारणं महिन्यांत आहेत’? अजिबात नाही. या ट्रीने जेवढी सुधारणा केली तिच्यातला निम्मा वाटा महिन्यांच्या विभागणीचा. ट्रीच सुमार असेल तर सुमार सुधारणेचा निम्मा वाटा. परिणामाची दिशाही या आकड्यात नसते.

ज्या कॉलममध्ये खूप वेगवेगळी मूल्यं असतात त्याला विभागणीच्या जास्त संधी मिळतात आणि त्याचं महत्त्व फुगतं. ग्राहक क्रमांक चुकून आत राहिला तर तोही वर येऊ शकतो. दोन कॉलम एकमेकांसारखे असतील तर एक वर येतो आणि दुसरा शून्यावर जातो. शून्यवाला निरुपयोगी असतोच असं नाही. आरपार्टमध्ये याच्या उलट चकवा आहे: चित्रात कुठेच नसलेला कॉलम महत्त्वाच्या यादीत वर दिसतो, कारण तिथे पर्यायी विभागण्यांचंही श्रेय मोजलं जातं.

याला उपाय म्हणजे टेस्ट डेटावर एकेका कॉलमची मूल्यं विस्कटून अंदाज किती बिघडतो ते बघणं. तरी एकसारख्या कॉलमांचा प्रश्न तिथेही उरतोच.

## टप्पा ९: ट्री हलवून बघा

डेटातल्या ओळी परत-परत निवडता येतील अशा पद्धतीने नवे नमुने काढा, दहा-वीस पुरेत, आणि प्रत्येकावर ट्री बांधा. मूळ अटीचा कॉलम बहुतेक वेळा तोच येतो का? सीमा ६.५ वरून ५.५ वर गेली तर हरकत नाही. कॉलमच बदलत राहिला तर ‘सगळ्यात आधी महिने बघा’ असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही.

आरपार्टचा सविस्तर सारांश हा मजकूर असतो, चित्र नसतं, तरी इथे तो फार उपयोगी आहे. प्रत्येक नोडखाली हरलेल्या स्पर्धक विभागण्या आणि त्यांची सुधारणा छापलेली असते. पहिला आणि दुसरा अगदी जवळ असतील तर पहिला थोडक्यात जिंकलाय, अहवालातही तसंच लिहा. सायकिट-लर्नमध्ये बरोबरीच्या विभागण्यांत कुठली निवडायची हे यादृच्छिक ठरतं, म्हणून ‘रँडम स्टेट’ ठरवला नाही तर त्याच डेटावर उद्या वेगळा ट्री निघू शकतो.

## टप्पा १०: निष्कर्षाची वाक्यं

आकडे बरोबर वाचूनही शेवटच्या वाक्यात घात होतो. तीन नमुने बघा.

‘तक्रारी कमी केल्या तर ग्राहक टिकतील.’ ट्रीने असं म्हटलेलं नाही. नव्या ग्राहकांत तक्रारी करणारे जास्त जातात, एवढंच दिसतं. तक्रारीचं बटण काढून टाकलं तर कोणी थांबणार नाही.

‘वार्षिक योजनेमुळे ग्राहक सोडत नाहीत.’ ज्यांचा थांबायचा विचार पक्का असतो तेच वार्षिक पैसे भरत असतील. शिवाय वर्ष संपायच्या आत सोडताच येत नसेल, तर हे १.६ टक्के योजनेच्या नियमातून आलेत.

‘उत्पन्नाचा काही संबंध नाही, कारण ते ट्रीत आलं नाही.’ न येण्याची कारणं पुष्कळ: दुसऱ्या कॉलमने जागा घेतली, खोली संपली, ओळी कमी पडल्या.

अंदाज वर्गाऐवजी आकड्याचा असेल, उदाहरणार्थ महिन्याचा खर्च, तर पानातली व्हॅल्यू म्हणजे त्या पानातल्या ओळींची सरासरी आणि ‘स्क्वेअर्ड एरर’ म्हणजे त्यांचं विचरण. त्याचं वर्गमूळ काढून सरासरीशेजारी लिहा. सरासरी ५०० आणि वर्गमूळ ४०० असेल तर त्या ५०० वर भिस्त ठेवता येत नाही. असा ट्री ट्रेनिंगमध्ये दिसलेल्या सर्वात मोठ्या आकड्याच्या वर कधीच जात नाही. पुढच्या वर्षीची वाढ त्याच्याकडून मागू नका.

पान ख साठी चालेल असं वाक्य असं असतं: ‘सेवा घेऊन ६ महिने किंवा कमी झालेले आणि २ किंवा जास्त तक्रारी केलेले ग्राहक एकूण ग्राहकांत सुमारे १० टक्के आहेत. टेस्ट डेटात असे ४८ ग्राहक होते, त्यातले २७, म्हणजे सुमारे ५६ टक्के, सोडून गेले. एकूण ग्राहकांत हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे.’ वाट, संख्या, टेस्टवरचे टक्के आणि तुलनेचा आकडा एवढं त्यात आहे. ‘हो’ हे लेबल त्यात कुठेच नाही आणि त्याची गरजही पडलेली नाही.